टाटा 1109 ट्रकचं ॲव्हरेज वाढवताना: एअर फिल्टरपासून सायलेन्सरपर्यंतच्या नोंदी

14 ऑक्टोबर 2024

दसरा झाला. दिवाळीनंतर जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) जोरात चालतील आणि मग गाडीला हात लावायला सवड मिळणार नाही, म्हणून आत्ताच काम काढलं. जुन्या डिझेल गाडीचं ॲव्हरेज वाढवायला निघालेल्या कोणालाही उपयोग व्हावा म्हणून जे केलं, जे फसलं आणि जेवढे पैसे गेले ते लिहून ठेवतोय.

गाडी टाटा 1109, 2012 ची, बीएस 3 (प्रदूषणाचा जुना निकष). चार सिलिंडर, 3783 सीसी, टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) आणि इंटरकूलर (ती दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी). इंजिनला डिझेल पुरवणारा पंप मेकॅनिकल. हंगामात आर्वीहून रुईच्या गाठी भरायच्या आणि नागपूर बाजूच्या सूतगिरणीत उतरवायच्या. 170 किलोची एक गाठ, 36 गाठी म्हणजे 6 टन 120 किलो. हाच लोड सगळ्या मोजणीत ठेवणार. जाताना भरलेली, येताना रिकामी, चालवणारा मीच.

सध्याचं ॲव्हरेज लिटरला 5.7 किलोमीटर. एकाच पेट्रोल पंपावर, एकाच नोझलने, गाडी त्याच सपाट जागी उभी करून टाकी तोंडापर्यंत भरतो. फेस बसू देतो, मग परत थोडं टाकतो. घाईत भरलं की पाच-सहा लिटरचा फरक सहज पडतो आणि सगळा हिशोब वाया जातो. किलोमीटर मीटरवर विश्वास न ठेवता मोबाइलच्या जीपीएसवर पाहिले. सगळ्या टायरची हवा दर फेरीला सारखी.

मिस्त्रींचा सल्ला पहिल्याच दिवशी आला, "भाऊ, सायलेन्सर पोकळ करून टाकू, वर कोनचा फिल्टर बसवू, गाडी कशी पळते पाहा." दोन्हीला सध्या नाही म्हटलं. एक तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असे बदल चालत नाहीत. दुसरं, हवा नेमकी कुठे अडते तेच माहीत नसताना पाइप कापायचा कशाला?

17 ऑक्टोबर

मोजायचं साधन केलं. गवंडी लोक लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली, 180 रुपये. पाच फुटी फळीवर इंग्रजी यू सारखी बसवली, मध्ये शिवणकामाची टेप चिकटवली, अर्ध्यापर्यंत पाणी भरून त्यात थोडं कुंकू टाकलं. एक टोक मोकळं, दुसरं एअर फिल्टरच्या पुढे, टर्बोच्या अलीकडे. तिथे फिल्टर चोक झाल्याचं दाखवणारा इंडिकेटर असतो, तो काढून त्याच भोकात नळीचं निप्पल बसवलं. दोन बाजूंच्या पाण्यात जितके मिलिमीटर फरक, तितका इंजिनला हवा ओढायला पडणारा जोर. ड्राय फिल्टरच्या टर्बो इंजिनसाठी साधारण 635 मिलिमीटर ही वरची मर्यादा धरतात.

पाणी इतकं उसळायचं की वाचता येईना. नळीच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकून तिला स्टोव्हच्या पिनेएवढं भोक पाडलं, तेव्हा स्थिर झालं. फळी केबिनच्या बाहेर, क्लीनरच्या बाजूच्या आरशाच्या दांड्याला बांधली. भाचा खिडकीतून आकडा वाचणार.

उभ्या गाडीला रेस देऊन घेतलेला आकडा काही कामाचा नाही. टर्बो गाडी लोडवर असतानाच खरी हवा ओढते. म्हणून मोजणीची जागा ठरवली तळेगावजवळचा सत्याग्रही घाट. भरलेली गाडी, नागपूरकडचा चढ, तिसरा गिअर, पॅडल पूर्ण खाली.

19 ऑक्टोबर

पहिला आकडा 690. मर्यादेच्या वर. मग नळी फिल्टरच्या अलीकडे, म्हणजे केबिनमागच्या, बाहेरची हवा आत घेणाऱ्या उभ्या डक्टच्या टोकाला लावली, तर एकट्या डक्टचेच 210. स्वच्छ पत्र्याच्या पाइपला इतका जोर लागायला नको.

20 ऑक्टोबर

डक्ट उतरवला. वरच्या जाळीवर कापसाचं तूस चिकटून बसलेलं, ते दिसतच होतं. न दिसणारं आत होतं. गाडी पावसाळ्यात बरीच उभी असते, त्या काळात कुंभारीण माशीने डक्टच्या वळणात मातीची घरं बांधलेली. एकावर एक, मुठीएवढा गोळा, वाळून विटेसारखा घट्ट. बाहेरून ठोकून पडेना, आत ओली चिंधी कोंबून भिजवला, मग तुकडे निघाले. सगळे तुकडे बाहेर आले याची खात्री टॉर्च लावून दोन्ही बाजूंनी केली. एक खडा पुढे गेला तरी फिल्टर फाटतो. जाळी आता दुहेरी केली नाही, तीच साफ केली. बारीक जाळी लावली तर तूस आणखी लवकर बसेल.

फिल्टरच्या डब्याच्या खाली रबरी चोच असते. डब्यात हवा गोल फिरते, जड धूळ कडेला फेकली जाते आणि त्या चोचीतून खाली गळते. आमच्या गाडीची चोच आधीच्या कोणी तरी तार गुंडाळून बंद केली होती. डब्याच्या तळाशी काळ्या मातीची भुकटी साचलेली, चांगली ओंजळभर. नवी चोच 70 रुपये. बंद चोचीमुळे सगळी धूळ फिल्टरच्या कागदावर जात होती, म्हणजे इतकी वर्षं फिल्टर महाग पडत होता तो यामुळे.

डक्टचा आकडा 210 वरून 70 वर आला. पूर्ण वाटेचा 545.

26 ऑक्टोबर

फिल्टर. आपल्याकडे फिल्टर साफ करणं म्हणजे टायरवर आपटणं आणि पंक्चरच्या दुकानात बाहेरून हवा मारणं. दोन्हीने कागद जातो. हवा मारायचीच तर आतून बाहेर, दोन किलोच्या खालच्या दाबाने आणि नोझल लांब धरून. जुना फिल्टर रात्री अंधारात घेऊन आत बल्ब सोडला. दोन ठिकाणी सुईएवढे उजेडाचे ठिपके दिसले, शिवाय खालच्या रबराला घडी पडलेली. असा फिल्टर कितीही झटकला तरी धूळ थेट टर्बोच्या पंख्यावर जाणार. मोठा आणि आतला सेफ्टी असे दोन्ही नवे, कंपनीचे, 2,150 रुपये. आतला फिल्टर कधी धुवायचा किंवा फुंकायचा नाही, बदलायचाच.

घाटातला आकडा 310. ॲव्हरेज 5.9. इतका मोठा अडथळा काढून फक्त दोन दशांश, हे पाहून भाचा नाराज झाला. मला मात्र कळलं की मुख्य दुखणं दुसरीकडे आहे.

9 नोव्हेंबर

दिवाळीत गाडी उभी. नंतर कोनच्या फिल्टरची गोष्ट एकदाची निकालात काढायची ठरवली. ओळखीच्या एका गाडीवाल्याने तेल लावलेला सुती कोन-फिल्टर वापरून पाहायला दिला. तो डब्याशिवाय, इंजिनच्या मागेच बसतो. बाहेर हवा 31 अंश, फिल्टरच्या तोंडाशी थर्मामीटर 58. तेवढ्या गरम हवेची घनता बाहेरच्यापेक्षा साधारण 8 टक्के कमी. पुढे इंटरकूलर काही उष्णता काढतो, पण आधी गरम करून मग थंड करण्यात काय मिळवलं? घाटातला आकडा 250 आला, म्हणजे 310 पेक्षा कमी, आणि ॲव्हरेज तिथेच.

खरी परीक्षा धुळीची होती. टर्बोच्या तोंडाशी पाइपला आतून बोटभर पातळ ग्रीस लावलं आणि गाडी गाठींच्या फेरीबरोबर पांदण रस्त्यानेही नेली. परतल्यावर ते ग्रीस चिमटीत चोळलं. कचकच लागली. आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि जिनिंगच्या आवारात त्यात तुसाची भर. मूळ फिल्टर बसवून तीच चाचणी केली तेव्हा ग्रीस लोण्यासारखं मऊ राहिलं. कोन परत केला. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं मला सांगता येत नाही, शेतात जाणाऱ्या गाडीला हा फिल्टर लावू नये.

16 नोव्हेंबर

फिल्टर ते टर्बो या रबरी पाइपऐवजी तीन इंची लोखंडी पाइप, एका गॅरेजने बनवून दिला. 2,600 रुपये. त्यांचं म्हणणं होतं की रबर ओढीने आत दबतं. दबत असेल तर फरक दिसायला हवा होता. आकडा 310 चा 300 झाला, तेवढाच. आणि आठवडाभरात वेल्डिंगच्या जोडाला चीर. फिल्टरचा डबा चेसिसवर असतो आणि टर्बो इंजिनवर. इंजिन माउंटिंगवर हलतं, मधला पाइप ताठ असेल तर कुठे तरी तुटणारच. चीर फिल्टरच्या पुढे, म्हणजे तिथून आत जाणारी धूळ गाळलीच जात नाही. पाइप काढला, तर आत वेल्डिंगचे मणी आणि गंजाच्या खपल्या. एखादी सुटून टर्बोत गेली असती तर खर्च कुठच्या कुठे गेला असता. जुना रबरी पाइप तपासला, भेगा नव्हत्या, तोच परत घातला. हे पैसे पूर्ण वाया.

24 नोव्हेंबर

आता टर्बोच्या पुढची वाट. इनटेक मॅनिफोल्डवरून (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) इंजिनच्या डिझेल पंपाकडे जी बारीक नळी जाते, तिच्यात टी जोडून केबिनमध्ये बूस्ट गेज, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब दाखवणारं मीटर आणलं, 700 रुपये. घाटात पूर्ण लोडवर 0.9 किलो.

गळती शोधायला टर्बोच्या तोंडात पीव्हीसीची टोपी बसवली, तिला ट्यूबचा वॉल्व्ह, आणि कॉम्प्रेसरने एक किलोपर्यंत हवा भरली. जास्त भरायची नाही, टर्बोची सीलं आणि टोपी दोन्हीचा धोका, आणि टोपीसमोर उभं राहायचं नाही. निरम्याचं पाणी ब्रशने सगळ्या जोडांवर फिरवलं. इंटरकूलरच्या खालच्या कोपऱ्यातल्या होजवर बुडबुडे नव्हे, भडभड फेस आला. क्लॅम्पखाली होज कापला गेला होता. वरून पाहिलं तर एकदम ठीक, कारण चीर खालच्या बाजूला आणि तिच्यावर तेलकट काळपट थर. ज्या जोडावर तेलाचा ओलावा आणि त्याला चिकटलेली धूळ दिसेल, तिथे आधी पाहा.

दोन सिलिकॉन होज 1,300, आणि पेचाच्या पट्टीऐवजी टी-बोल्टचे चार क्लॅम्प 480. साधा क्लॅम्प सिलिकॉनमध्ये रुततो आणि कापतो.

होज काढलाच होता म्हणून इंटरकूलरही उतरवला. या भागातल्या गाड्यांसाठी ही सगळ्यात महत्त्वाची नोंद. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामध्ये दोन बोटं फट असते. समोरून पाहिलं तर जाळी बऱ्यापैकी स्वच्छ. मागच्या फटीत मात्र रुईचं तूस बसून त्याचा जाड थर झालेला, ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) येणाऱ्या तेलाच्या वाफेने चिकट. कोपऱ्यात नख घालून ओढला तर रेडिएटरच्या रुंदीचा एक अखंड पट्टा निघाला, वाकळेसारखा. समोरून पाणी मारून हा थर कधीच निघत नाही, उलट आणखी आत दाबला जातो. इंटरकूलर मोकळा करून मागून पुढे, कमी दाबाने पाणी मारायचं. वॉशिंगच्या जोरदार गनने फिन वाकतात. काही वाकलेल्या सुरीच्या टोकाने सरळ केल्या.

आतही टर्बोचं तेल साचलं होतं. डिझेलने खळखळून धुतला. त्यानंतर पूर्ण सुकवणं अत्यंत गरजेचं. आत डिझेल किंवा तेल राहिलं तर इंजिन तेच ओढून घेतं, आपोआप रेस होतं आणि चावी फिरवून बंद होत नाही. उन्हात दिवसभर तोंडं खाली करून ठेवला, हवा मारली, पांढरा कापूस आत फिरवून कोरडा निघेपर्यंत थांबलो. धुणं, उतरवणं, चढवणं मिळून 1,200.

बूस्ट 0.9 वरून 1.15. ॲव्हरेज 6.2. चढावर काळा धूर निघायचा तोही बराच कमी. मिस्त्री म्हणाले आता पंपाचा स्क्रू थोडा उघडू, पिकअप येईल. पंपाला हात लावू दिला नाही. मला डिझेल कमी जाळायचंय.

8 डिसेंबर

धुराची वाट. टर्बोच्या पुढच्या पाइपला दोन ठिकाणी नट वेल्ड करून भोकं पाडली, 300 रुपये. एक टर्बोला लागून, दुसरं सायलेन्सरच्या आधी. दोन्हींच्या मध्ये एक्झॉस्ट ब्रेकचा फ्लॅप येतो, म्हणजे धुराची वाट अडवून गाडीचा वेग आवरणारी झडप. धूर गरम असल्याने प्लास्टिकची नळी सरळ जोडता येत नाही. आधी ब्रेकचा लोखंडी पाइप मीटरभर, मग नळी. फळी बाहेरच हवी. पाणी उडालं तर नळीतून सरळ धूर येतो, केबिनमध्ये हे करू नये.

टर्बो गाडीला मागचा दाब साधारण 76 मिलिमीटर पाऱ्याच्या आत असावा असं धरतात. पाण्यात तो 1,030 मिलिमीटरच्या आसपास भरतो.

सायलेन्सरच्या आधीच्या भोकावर 480. म्हणजे सायलेन्सर आणि मागचा पाइप अगदी ठीक. जो कापायचा सल्ला सगळे देत होते तो निर्दोष निघाला. मग नळी टर्बोजवळच्या भोकावर लावली. घाटात पॅडल दाबताच लाल पाणी फळीच्या वरून उडून गेलं आणि भाच्याच्या शर्टावर कुंकवाचे शिंतोडे. पाच फुटी फळीला न मावणारा दाब.

अडथळा मधल्या फ्लॅपमध्येच असणार. बाहेरून पाहिलं तर लिव्हर हवेच्या सिलिंडरबरोबर व्यवस्थित पुढे-मागे होत होता. म्हणूनच कोणाला शंका आली नव्हती. पाइप सोडून टॉर्च मारला तेव्हा फ्लॅप तिरका, तिसरा हिस्सा वाट अडवून उभा. परतीची स्प्रिंग ढिली, दांड्याच्या बुशात काजळी आणि गंज, आणि फ्लॅप जिथे टेकतो तिथे काजळीची कडा तयार झालेली. म्हणजे ब्रेक लावला नसतानाही गाडी अर्धवट एक्झॉस्ट ब्रेकवरच चालत होती. इंजिनची ताकद धूर ढकलण्यात जात होती आणि ते डिझेल माझ्या खिशातून.

दांडा रात्रभर डिझेलमध्ये भिजवला, तारेच्या ब्रशने काजळी काढली, नवी स्प्रिंग, नवं गॅस्केट. मजुरीसह 850. दांड्याच्या टोकावर फ्लॅपच्या दिशेत छिन्नीने रेघ मारून पांढरा रंग भरला. आता खाली वाकून पाहिलं की फ्लॅप उघडा की बंद ते लिव्हरवर न विसंबता कळतं. हे ज्याच्याकडे एक्झॉस्ट ब्रेक आहे त्याने आजच करावं, पैसे लागत नाहीत.

फ्लॅप काढूनच टाका, असाही सल्ला आला. भरलेली गाडी घेऊन उतार असतो तेव्हा ड्रम तापू नये म्हणून हा ब्रेक लागतो. तो ठेवलाच.

टर्बोजवळचा आकडा 620. मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर काजळीचा पट्टा आहे का तेही पाहिलं, नव्हता.

21 डिसेंबर

ॲव्हरेज 6.5, त्यानंतरच्या फेऱ्यांतही 6.4 ते 6.6 मध्येच. सर्वांत मोठी उडी इंटरकूलर-होज आणि फ्लॅप यांनी दिली. घाटात आधी दुसऱ्यात टाकावी लागायची त्या वळणावर आता तिसऱ्यात निघते.

11 जानेवारी 2025

पीयूसी. बीएस 3 ला सहा महिन्यांनी काढावी लागते. धुराच्या के-व्हॅल्यूची (धूर किती काळा ते सांगणारा आकडा) मर्यादा 2.45. मागच्या वेळी 2.1 होती, या वेळी 1.3. इंजिनच्या डिझेल पंपाला, नोझलला काहीही न करता.

18 फेब्रुवारी

थंडीमुळे तर आकडे चांगले आले नाहीत ना, ही शंका होती. आता दुपारी ऊन चांगलं तापतं. परत तोच लोड, तोच पेट्रोल पंप, 6.5.

खर्च: नळी 180, चोच 70, फिल्टर 2,150, गेज 700, होज-क्लॅम्प 1,780, इंटरकूलर 1,200, नट 300, फ्लॅप 850. एकूण 7,230, आणि वाया गेलेल्या पाइपचे 2,600 धरून 9,830. हंगामात महिन्याला 4,000 किलोमीटर धरले तर 5.7 ला 702 लिटर लागायचं, 6.5 ला 615. डिझेल 91 च्या आसपास, म्हणजे महिन्याला आठ हजारांच्या जवळ वाचतात.

फिल्टरच्या पुढचा आकडा आज 390. 600 ला पोचला की फिल्टर बदलायचा, त्याआधी उघडायचाही नाही. दर वेळी उघडला की थोडी धूळ आत सांडतेच. इंटरकूलरमागची फट मात्र जिनिंग चालू असेपर्यंत दर महिन्याला पाहणार. जानेवारीच्या अखेरीस उघडली तेव्हा तुसाचा पातळ पापुद्रा परत धरला होता, हातानेच निघाला.